लक्क्यांची जोडी मीच फोडली

मंडळी, चाळीस वर्षं कबुतरं पाळली आणि शेवटी मातीच खाल्ली.

शेपटीचा पंखा करणारे माझे दोन पांढरे लक्के. दोघेही छाती फुगवून घुमायचे, म्हणून मी दोघांनाही नर ठरवलं. गेल्या आठवड्यात एक अंबडच्या दोस्ताला दिला.

आज ढाबळ झाडताना उरलेल्याच्या पोटाखाली दोन अंडी दिसली. म्हणजे ही मादी! लगेच फोन लावला, "बाबा रे, माझा नर परत दे."

"भाऊ, परवाच मांजरानं नेला. तुला सांगायची हिंमत होईना."

अंडी दिवसा नर उबवतो. त्याची पाळी आली तशी ती उठली, दाराकडे बघत राहिली आणि पुन्हा अंड्यांवर जाऊन बसली.

एकट्या मादीनं पिल्लं वाढवलेली कुणी पाहिलीत का? खोटा धीर नको, खरं सांगा.