गळकी बॅटरी

आमचे हे बॅटरीवाले. गाडीची बॅटरी उतरली की लोक ह्यांच्याकडे येतात आणि पैशांआधी बोलणी खातात. "अहो, घसा कोरडा पडलाय तिचा. वेळेवर पाणी घालायला काय होतं?" गळकी असली तर आणखी जोरात. "आटलेलीत पाणी घालायचं, गळकीत नाही. आतलं अ‍ॅसिड पातळ होऊन उरलासुरला जीव जाईल. गळकी सरळ भंगारात."

लोकांच्या बॅटऱ्यांची एवढी काळजी. स्वतःची साखर तपासायची म्हटली की मात्र दुकानात काम निघायचं. मी सुई घेऊन मागे, हे पुढे.

यंदा ह्यांची तहान वाढली. बाटल्यांवर बाटल्या रिचवायचे आणि तितक्याच वेळा बाथरूमकडे पळायचे. मी म्हटलं, "डॉक्टरांकडे चला." तर म्हणे, "पाणी आटतंय, वरून भरायचं. त्यात डॉक्टर काय करणार?" पुढे पोटऱ्यांत गोळे यायला लागले. त्यावरही औषध पाणीच. म्हटलं, आपल्या पदरात नवरा पडलाय की बॅटरी?

एका सकाळी एक टॅक्सीवाला ह्यांना दंडाला धरून घरी घेऊन आला. चांगलाच तापला होता.

"वहिनी, ह्यांनी प्लसचा चिमटा मायनसला लावला. मी ओरडलो तर म्हणतात, हळू बोल, गाडी झोपलीय. सकाळीच घेतात का?"

हा माणूस चहाशिवाय कशाला शिवत नाही. तरी मी तोंडाचा वास घेतला. काहीच नाही. पण ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कुठली गाडी तुमची?" शेजारणीच्या गाडीत घालून दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "साखर बेसुमार वाढलीय. लघवीतून जाताना ती पाणी ओढून नेते आणि त्याबरोबर सोडियम, पोटॅशियम, म्हणजे रक्तातले क्षारही वाहून जातात. त्यात हे नुसतं पाणी पीत राहिले, राहिलेले क्षारही पातळ झाले. म्हणून गोळे, म्हणून हे बरळणं. आणखी उशीर केला असतात तर हृदयावर बेतलं असतं."

"म्हणजे आटत नव्हती, गळत होती," मी म्हटलं. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

सलाईन आणि इन्सुलिन सुरू झालं, तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी हे माणसात आले. टॅक्सीवाल्यापासून डॉक्टरीणबाईंच्या गळतीपर्यंत मी एकेक सगळं ऐकवलं. एरवी ह्यांच्या तोंडाला तोंड लावायची कुणाची टाप नाही. आज मात्र सलाईनचे थेंब मोजत होते. मग हळूच म्हणाले,

"गळकीचं मी काय करतो, ठाऊक आहे ना तुला?"

"भंगारात टाकता."

"मग?"

मला रागही आला आणि रडूही आलं. नर्सबाईंकडून साखर बघायचं मशीन मागून घेतलं.

"मला नवी नकोय," मी म्हटलं. "बोट पुढे करा."

ह्यांनी डोळे घट्ट मिटले आणि बोट पुढे केलं.