फोटोची बिल्टी

फोटो हातात आल्यावर त्यातल्या माणसाच्या तोंडाकडे सगळ्यांत शेवटी बघणारा मनुष्य अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच निघेल, आणि ते म्हणजे दौंडचे माझे मामा. उभी हयात त्यांनी रेल्वेच्या यार्डात मालाच्या बिल्ट्या तपासण्यात घालवली. डब्यात गहू असो की सिमेंट, मामांना मतलब बिल्टीशी. माल कुठून आला, कुठं चालला, कधी निघाला. निवृत्तीनंतर मोबाइल हाती आला आणि कुणीतरी त्यांना दाखवलं की प्रत्येक फोटोच्या पोटातही तो कधी, कुठं, कोणत्या फोननं काढला हे गुपचूप लिहिलेलं असतं. मामा हरखलेच. "आरं, म्हंजी फोटोला बी बिल्टी हाय की!" तेव्हापासून आमच्या साऱ्या गोतावळ्यात त्या माहितीला बिल्टी हेच नाव पडलं.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की बिल्टी वाटेतच गळून पडते, हा शोधही मामांचाच. म्हणून त्यांचा दंडक, "फोटो डॉक्युमेंट करून धाडायचा." एकदा घरच्या गोंधळाला धाकटे जावई आले नाहीत. तापानं फणफणलोय म्हणाले, आणि पांघरुणातला फोटो सासऱ्यांच्या दंडकाप्रमाणे इमानदारीत डॉक्युमेंट करून पाठवला. बिल्टी निघाली चार महिन्यांपूर्वीची, लोणावळ्याची. मामांनी अदबीनं फोन केला, "पाहुणं, ताप लोणावळ्याला आला व्हता का? आन् तवाचा अजून उतरला न्हाई व्हय?" जावई संध्याकाळच्या डेमू गाडीनं हजर.

पुढं राहू गावच्या एका नातेवाइकांनी गाय विकायला काढली आणि तिचा फोटो नेटवर टाकला. मामांनी तो उघडला तर नकाशावर थेट त्यांचा गोठा. "आप्पा, गाय इकताय का चोराला वाट दावताय?" त्या दिवशी दुसरा दंडक निघाला, घरातल्या बायापोरींचा फोटो बिल्टी फाडल्याबिगर, म्हणजे ती माहिती पुसल्याबिगर, कुणालाच धाडायचा नाही, अगदी घरातल्या घरातसुद्धा. भाच्यांमध्ये सगळ्यांत आज्ञाधारक मी. प्रत्येक फोटोची बिल्टी नेमानं फाडायची. मामी मात्र कपाळाला हात लावायच्या. "ह्यांना माणूस दिसतच न्हाई गं, निस्तं डबं दिसत्यात."

गेल्या वर्षी मामी गेल्या. दोन महिन्यांनी मामा एसटीनं शिरूरला माझ्या घरी आले आणि मोबाइल पुढं केला. मीच कधीतरी पाठवलेला मामींचा फोटो होता. तोंडाला पदर, हसून हसून डोळे मिटलेले, आणि मागं नुसती विटकी ताडपत्री.

"ही आशी कवा हसली गं? माझ्यासमोर तर कवाच न्हाई. बिल्टी बघितली, तर कोरी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिल्टी मी फाडली होती आणि मूळ फोटो जुन्या फोनबरोबर गेला होता. मामा रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "नियम माझाच व्हता."

"पण मामा, मला आठवतंय की!" मी म्हणाले. "तळेगाव ढमढेऱ्याचा बाजार. आम्ही भेळ खायला ताडपत्रीखाली बसलो होतो. त्याआधी मामींनी एक वांगं उचललं, उलटंपालटं करून बघितलं आणि अगदी तुमच्या आवाजात वांगीवाल्याला विचारलं, 'ह्याची बिल्टी कुठाय?' तो बिचारा पाटीखाली शोधायला लागला. ते आठवून आठवून भेळ खाताना हसत होत्या."

"माझी नक्कल करत व्हती?" मामांनी विचारलं. मग तीच गोष्ट माझ्याकडून तीनदा सांगून घेतली. वांगं हिरवं होतं की जांभळं, हेही विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारपेठेतल्या स्टुडिओतून फोटोची प्रत काढून आणली. मामांनी ती घेतली आणि कितीतरी वेळ मामींच्या तोंडाकडे बघत राहिले. मग उलटी करून मागं आपल्या यार्डातल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं : कुठून, तळेगाव ढमढेरे. कुठं, दौंड. माल, हसू. खाली रीतसर सही केली, आणि सहीखाली शेरा मारला, 'माल उशिरा पोचला.'