पोरीच्या डोक्यावरचा हात

गुलाबपाण्याचा वास आला ना, की मला अजून मोहने गावातल्या देवीच्या देवळातलं ते चैत्राचं हळदीकुंकू आठवतं. निवडणूक आठ दिवसांवर आलेली, हळदीकुंकू उमेदवारानेच ठेवलेलं, आणि मी चार महिन्यांची पोर मांडीवर घेऊन बायकांत बसलेले. पन्हं झालं, भिजवलेले हरभरे झाले, मग सगळ्यांच्या ओटीत नारळ घातले आणि उमेदवार स्वतः माईकवर म्हणाला, "ताई, ओटीत देवीचा नारळ आहे. आता लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्या, मत आपल्या धर्मालाच!" मी हादरलेच! नवरा तर कंपनीतल्या युनियनवाल्याला मत द्यायचं म्हणत होता. शपथ मोडली आणि पोरीला काही झालं तर? तरी हात गेलाच तिच्या डोक्यावर, तोच शेजारच्या म्हाताऱ्या कोळणीने तो ओढला. "काढ गो हात, बाय! पोरीचा डोका काय मतपेटी हाय?" मग उमेदवाराकडे बघून ओरडली, "देवी उभी हाय का रं निवडणुकीला? मत तुला पायजे, तुझ्या नावानं माग!" कोणी हसलं नाही. दोघी बायकांनी तिला दंडाला धरून बाहेर नेलं, आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, म्हणून मी घाबरून हात परत ठेवला, शपथ घेतली, शिक्कासुद्धा त्याच्याच निशाणीवर मारला. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. पोर आता शाळेत जाते, तिला जरा ताप आला की आधी मनात येतं, बरं झालं शब्द पाळला, आणि मग माझीच मला लाज वाटते.