आल्डाची तीन मुलं

“घाई नाही ताई, ती माणसं आठशे वर्षांपूर्वी मेलेली आहेत,” असं म्हणून तो काउंटरवर कोपर टेकायचा आणि निवांत उभा राहायचा. मशीनचा दिवा उडालेला असो, हवं ते रीळ दुसऱ्या कुणी नेलेलं असो, त्याचं उत्तर ठरलेलं. ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीतल्या एका विद्यापीठाच्या तळघरात, मायक्रोफिल्मच्या काउंटरवर मी नोकरी करत होते. बाकीचे लोक माझ्यावर खेकसत. हा एकटाच माझी समजूत काढायचा.

तो नागपूरचा. स्कॉलरशिपवर आलेला. विषय होता फ्रान्समधला एक जुना मठ आणि त्या मठाच्या जमिनीवर राबणारे बांधील मजूर. पार्सिपनीच्या आमच्या गणपतीत लोक त्याला विचारत, “याला स्कोप काय?” तो शांतपणे सांगायचा, “काहीच नाही.” मग विचारणारा जरा गोंधळून पुलाव वाढून घ्यायला जायचा. अशा प्रश्नाला असं उत्तर देणारा माणूस तुम्हालाही क्वचितच भेटला असेल.

मठाच्या कागदांतली एकच बाई त्याला मनापासून हवी होती. तिचं नाव आल्डा. मठानं आल्डाला आणि तिच्या तीन मुलांना वेठीतून मोकळं केल्याचा एक लेख होता, फेब्रुवारीतला. पण त्याच सालच्या नोव्हेंबरात मठानं आपल्या बांधील माणसांची यादी केली, तिच्यात आल्डा आणि तिन्ही मुलं होतीच. आधी मोकळी झालेली बाई नंतर बांधील कशी? तेव्हा मोकळं केल्याचा लेख बनावट, तिच्या नातवंडांनी पुढं लबाडीनं करून घेतलेला, असा निकाल एका मोठ्या प्रोफेसरांनी आपल्या पुस्तकात देऊन टाकला होता. तेच प्रोफेसर याचे गाइड होते.

“तुम्हाला काय वाटतं?” मी एकदा विचारलं.

“माझ्या आजोबांजवळ दोन एकराचा कागद होता,” तो म्हणाला. “तहसीलीतल्या साहेबानं न वाचताच खोटा म्हटला. तेव्हापासून मी आधी वाचतो.”

त्यानं चार वर्षं वाचलं. लेख खरा आहे असं त्याचं मन सांगत होतं, पण मन काही प्रबंधाला जोडता येत नाही, हेही तोच म्हणायचा.

एका पाडव्याला मी त्याला जेवायला बोलावलं. तो बौद्ध होता. आमची गुढीची पूजा होईपर्यंत तो मागच्या अंगणात माझ्या मुलीशी बेसबॉलबद्दल बोलत राहिला आणि पानं घेतल्यावर आत आला. जेवताना त्यानं विचारलं, “ताई, तुमच्या घरात वर्ष कितीदा बदलतं?” मी हिशेब केला. नवऱ्याच्या ऑफिसात जानेवारीत, आमच्याकडे आज, आणि शेजारच्या गुजराती पटेलकाकूंचं दिवाळीनंतर. तेव्हाही त्यांच्याकडे जेवायला जावं लागतंच. तो हसला आणि श्रीखंडाची वाटी हातात घेऊन भिंतीवरच्या पुण्याहून आलेल्या, चैत्रापासून सुरू होणाऱ्या दिनदर्शिकेपुढं जाऊन उभा राहिला. त्यानं काही पानं पुढं-मागं उलटली. मग म्हणाला, “शक तोच, पण कार्तिक आधी आणि माघ नंतर.”

“मग? तसंच असतं,” मी म्हणाले.

“म्हणजे नोव्हेंबर आधी आणि फेब्रुवारी नंतर,” असं म्हणून त्यानं वाटी टेबलावर ठेवली, बूट घातले आणि गेला. पुरी पानात तशीच. मुलगी म्हणाली, “मॉम, डिड वी डू समथिंग राँग?”

दुसऱ्या दिवशी त्यानं मला सगळं समजावलं. त्या काळी युरोपात नवं वर्ष सगळीकडे एका दिवशी लागत नसे. कुठं नाताळला, कुठं पंचवीस मार्चला. प्रोफेसरांनी हा मठ नाताळवाल्यांत धरला होता, कारण आसपासचे सगळे तसे होते. पण मठाचं वर्ष मार्चात बदलत असेल, तर फेब्रुवारी हा त्या सालाचा शेवट. मग आधी यादी झाली आणि तीन महिन्यांनी आल्डा सुटली. कुठंच भानगड नाही.

पुरावा मात्र हवा होता. तो त्याला मठाच्या स्वयंपाकघरात सापडला. रोज काय शिजलं याची वही मठात ठेवत आणि तिची रिळं आमच्याकडे होती. तिच्यात साल असे, महिना-तारीख नसे. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस उपास. उपासाला मांस चालत नसे, मासे चालत. (माझा नवरा मालवणचा. हा उपास आपल्याला झेपला असता, असं त्याचं मत पडलं.) सहा आठवडे हा माणूस मासे वाचत बसला. एके दुपारी त्यानं मला मशीनपाशी बोलावलं. “बघा ताई, मासे सुरूच आहेत आणि साल बदलून राहिलं.” काल मासे, जुनं साल. आज मासे, नवं साल. ईस्टरपासून उलटं मोजलं, तर तारीख पंचवीस मार्च. मला लॅटिन येत नाही, पण आकडे मीही पाहिले. त्याचे डोळे भरले होते आणि मी दिवा नीट करण्याचं निमित्त काढून बाजूला झाले.

प्रोफेसरांना ते पटलं नाही. स्वयंपाकघरातला लेखनिक आपल्या सोयीनं काहीही लिहील, त्यावरून मठाचा कारभार ठरत नाही, असं ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. हे प्रकरण गाळ, बाकीचा प्रबंध उत्तम आहे, मे महिन्यात डिग्री घे, असंही त्यांनी सांगितलं. स्कॉलरशिप मेमध्येच संपत होती आणि तिच्याबरोबर व्हिसाही.

मी त्याला अगदी घरच्यासारखं रागावले. आधी डिग्री घ्या, मग काय ते सिद्ध करा.

“मी गाळलं, तर आल्डा खोटीच राहील,” तो म्हणाला. “माझ्या सहीनं.”

जूनमध्ये त्याला विमानतळावर आम्हीच सोडलं. डिग्रीशिवाय.

पुढं दीड वर्षानं एका सकाळी ते प्रोफेसर स्वतः जिना उतरून तळघरात आले. त्यांना तिथं मी कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघराची रिळं मागितली. तीन दिवस ते त्याच मशीनवर बसले. चौथ्या दिवशी रिळं परत करताना म्हणाले, “ही वॉज राइट अबाउट द फिश.” मग त्याचा पत्ता मागितला.

त्यांनी त्याला परत बोलावलं, प्रबंध होता तसा स्वीकारू म्हणून लिहिलं. त्याचं उत्तर आलं ते मला प्रोफेसरांनीच दाखवलं. आई अंथरुणाला खिळलेली आहे, कॉलेजात शिकवतो आहे, येणं जमणार नाही. पुस्तकाची नवी आवृत्ती निघेल तेव्हा एवढंच करावं, की नुसतं ‘तीन मुलं’ न लिहिता त्यांची नावं लिहावीत. लेखात ती आहेत.

नवी आवृत्ती आली त्या शनिवारी मी नागपूरला त्याच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. त्याला बोलावून आणेपर्यंत मी ते पान पुन्हा वाचलं. आल्डाला खरं ठरवणाऱ्याचा उल्लेख तळटीपेत ‘एक माजी विद्यार्थी’ एवढाच होता. मला त्याचा संताप आला, आजही येतो. तो फोनवर येताच मी आधी तेच सांगितलं.

“ते असू द्या. धाकटीचं नाव आलं का?”

मी वाचून दाखवलं. आल्डा आणि तिची मुलं ओडो, रिचर आणि बेर्ता, ही चौघं मोकळी झाली.

पलीकडून नुसती खरखर आली. मला वाटलं लाइन गेली.

“परत एकदा वाचा ना ताई,” तो म्हणाला.

मी परत वाचलं, या वेळी सावकाश. बेर्तापर्यंत पोचले आणि लाइन खरंच गेली. पुन्हा लागली नाही.