डिफ्रन्शलला कुंकू

सालवडला माझ्या किराणा दुकानासमोर पंढरीभाऊंची शेड आहे. गाडीच्या मागच्या डिफ्रन्शलचं काम करतात. इंजिनाचं फिरणं मागच्या दोन्ही चाकांना वाटून देणारा तो लोखंडी गोळा. दुसरं कुठलंही काम आणलंत तर "फुडं जावा" म्हणून हात हलवतील. लातूरकडून कारखान्यातल्या नोकरीसाठी आलेला माणूस. नोकरी सुटली, पण बोली तिकडचीच राहिली, आणि हट्टही.

या गोळ्यात दोन दातेरी चाकं असतात, मोठं क्राउन आणि लहान पिनियन. त्यांचे दात एकमेकांना नेमके मधोमध भिडायला हवेत, नाहीतर गाडी रडते. ते बघायला दातांना रंग फासतात, चाकं हाताने फिरवतात आणि ठसा कुठे उमटला ते पाहतात. बाकीचे मेकॅनिक निळी पेस्ट लावतात. पंढरीभाऊ कुंकू लावायचे. बायकोच्या डबीतलं, तेलात कालवून.

"नर्मदे, कुंकू संपलं गं!" शेडमधून हाक आली की मागच्या खोलीतून नर्मदावहिनी तणतणत यायच्या. "कपाळाला म्हणून आणते, आन् तुमी गाडीला फासता व्हय?" मग पुडीसाठी माझ्याकडे. त्या एका घराला मी विकलं तेवढं कुंकू बाकीच्या गल्लीला मिळून विकलं नसेल. काम जमलं की भाऊ तेच लाल बोट त्यांच्या कपाळाकडे न्यायचे आणि त्या "तेलाचं हाय, लांब व्हा" म्हणत पळायच्या. भर रस्त्यात, या वयात! मला हसू यायचं आणि हेवाही वाटायचा.

वहिनी गेल्या आणि भाऊंनी निळी पेस्ट आणली. डबी आरशापुढे होती तिथेच राहिली. काळ्या लोखंडावरचा निळा रंग त्यांच्या थकलेल्या डोळ्यांना धड दिसेना, पण हे कबूल कोण करणार? केलेल्या गाड्या रडत परत येऊ लागल्या. मुलगा सुजित नाशिकहून फोनवर मागे लागला, शेड बंद करा, इकडे या. तिकडे जाऊन भाऊ करणार काय, दिवसभर टीव्हीपुढे बसणार. माझ्यासमोरच भाऊ त्याला म्हणाले, "एक टेम्पो आलाय परत. ह्यो बी जमला न्हाई तर कुलूप लावतो आन् येतो."

तो टेम्पो दातिवऱ्याच्या जितेशचा, मासळी वाहणारा.

"काका, परत रडते हाय. पाय दाबला का हूंऽऽ, सोडला का गप."

भाऊ टेम्पोत मागे फळीला कान लावून आडवे झाले आणि जितेशने नाक्यापर्यंत फेरी मारली. वळताना आवाज नव्हता, नुसता जोर लागला की यायचा. म्हणजे ठसाच चुकलेला, त्यांच्याच हातून. दुपारभर गोळा उघडून बसले. पेस्ट लावायची, फिरवायचं, बॅटरी मारायची, डोळे बारीक करायचे. शेवटी उठून मागे गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मी चहा घेऊन गेले, तर डबी हातात धरून आरशापुढे उभे. चहा ठेवला आणि परत फिरले.

मग ते बाहेर आले, कुंकू तेलात कालवलं, दातांना लावलं आणि चाक फिरवलं. कप न्यायला गेले तर लाल ठसा मलाही दिसला, पार दातांच्या वरच्या कडेला. त्यांनी पिनियनमागे जरा जाड चकती घातली, पुन्हा कुंकू लावलं. ठसा मधोमध आला.

जितेश फेरी मारून आला तो ओरडतच. "काका, कायच आवाज नाय!" तो खुशीत निघून गेला.

भाऊ लाल बोट तसंच उचलून शेडच्या तोंडाशी उभे होते. मग मागच्या खोलीकडे वळले आणि सवयीने हाक गेली, "नर्मदे, कुंकू संपलं गं!"

आतून कोण येणार होतं? भाऊंनी बोट पुसलं आणि रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आले.

"ठकीताई, कुंकवाची पुडी द्या."

दुकानात दोन बायका उभ्या होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. बाई नसलेल्या घरात कुंकू कशाला?

"गाडीला लागतंय," भाऊ त्यांना म्हणाले. पुडी खिशात ठेवून ते पायरीवर थांबले आणि माझ्याकडे न बघताच बोलले, "आता न्यायला मलाच यावं लागंल न्हवं."