बिजलीची दही-साखर

हरणाबाईचा एकच कायदा होता. मोठ्या कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही-साखर पडल्याशिवाय त्यानं उंबरा ओलांडायचा नाही. नवरा भाऊसो फौजेत होता तोवर रजा संपली की दही, पोरं परीक्षेला निघाली की दही. इतकंच काय, नव्या ट्रॅक्टरच्या बोनेटवर तिनं दह्याचं बोट ओढलेलं अख्ख्या रहिमतपूरनं पाहिलंय. भाऊसो दर वेळी सीमेवरून धडधाकट परतला, त्याचं श्रेय तिनं बंदुकीला कधी दिलं नाही.

दही चुकलं ते एकदाच. छबी नावाची त्यांची पॉमेरियन कुत्री पहिल्याच माजावर आली आणि उसातल्या एका दांडग्या कुत्र्यानं तिला गाठलं. पुढं विताना मोठं पिल्लू अडलं. घाईघाईनं, दही न चाटवताच तिला जीपमध्ये घातलं, आणि सातारा यायच्या आतच ती गेली.

आता तिच्या जागी बिजली होती, सहा महिन्यांची, मांडीत मावेल एवढी. साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "पहिला माज यायच्या आत गर्भाची पिशवी काढू. दुधाचे सुळे पडले नाहीत, तेही त्याच भुलीत काढू. एवढ्याशा जिवाला दोनदा भूल नको. येताना उपाशी आणा."

निघायच्या आदल्या सांजेला घरासमोरच्या बांधावर तीन कुत्री येऊन बसली. भुंकत नव्हती, भांडत नव्हती. नुसती दाराकडं बघत होती.

सकाळी भाऊसो जीप काढत होता, तेवढ्यात हरणाबाईनं वाटी आणली. उपाशी म्हणजे भाकरी नाही, दूध नाही. दही काय खाणं असतं? तो शकुन!

दवाखान्यात बिजलीच्या पायावरचे केस काढले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "उपाशी आहे ना?"

"कडक उपास, मॅडम. आमच्या पलटणीत बी असला न्हवता," भाऊसो म्हणाला.

सुई पायाजवळ आली. बिजलीनं जांभई दिली. जुन्या-नव्या सुळ्यांच्या फटीत पांढरं दही दिसलं. हरणाबाईनं एकदम डॉक्टरीणबाईंचं मनगट धरलं.

"थांबा. दही चाटलंय तिनं."

"किती?"

"वाटीभर. साखर हुती, मागंच लागली."

डॉक्टरीणबाईंनी सुई बाजूला ठेवली. "भुलीत उलटी होऊन छातीत गेली असती, आजी. जीवच गेला असता. उद्या आणा."

जीपमध्ये भाऊसो धुमसत होता. "आगं, बॉर्डरवर जायचं हुतं का तिला?"

"तुमी माघारी आलासा न्हवं दर टायमाला?"

भाऊसोनं खाडकन गिअर टाकला.

घरी पोचल्यावर तिनं बिजलीला मांडीवरून उचललं. लुगड्यावर लाल डाग होता.

भाऊसोनं तिथूनच फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माज सुरू झालाय. आता कापलं तर रक्त फार जाईल. दोन-तीन महिने थांबू, दातही तेव्हाच. तोवर तिला क्षणभर नजरेआड करू नका."

बांधावर आता पाच कुत्री होती.

"मागची मोरी उघडी हाय," भाऊसो म्हणाला. "जाळी घेऊन येतो. तू दाराला आडणा घाल."

तो घाईनं निघाला. बिजलीला छातीशी धरून हरणाबाई खिडकीत उभी राहिली. त्याच्या हातावर दही घालायचं राहिलं, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा जीप वळणाआड गेली होती, आणि बांधावरचं सगळ्यात दांडगं कुत्रं उठून सावकाश खाली उतरत होतं.