सरासरीचं पिस्तूल

वस्तू घेण्याआधी तिचं कव्हर घेणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच होऊन गेला आणि तो नेमका आमचा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान वजनमापं तपासणारे सरकारी निरीक्षक होते. त्यांच्या घरी रेडिओ यायच्या दोन वर्षं आधी रेडिओवर घालायचं भरतकामाचं कापड आलं होतं. तोवर ते एका रिकाम्या खोक्यावर पसरलेलं असे आणि कुणी गाणी लावा म्हटलं की साडू शांतपणे सांगत, "आतला माल यायचा आहे." नोकरीमुळे म्हणा की जन्मतःच म्हणा, मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आमच्याकडे जेवायला आले की पोळी तळहातावर तोलत आणि "मागच्या खेपेपेक्षा हलकी आहे," असं माझ्या बायकोला ऐकवत. ती बिचारी ते कौतुक समजायची.

सत्तरच्या दशकात त्यांनी शहराबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये घर बांधलं. चहूकडे रिकामे प्लॉट आणि काटेरी झुडपं. साडू रामटेककडे दौऱ्यावर गेले की दोन-दोन दिवस मुक्काम करत आणि ताई घरात एकट्या. अशाच एका दुपारी चोरानं अंगणातलं पितळी घंगाळ पळवलं. ताई आत तांदूळ निवडत होत्या. घंगाळ ओढल्याचा आवाज त्यांना आला होता, पण उठायचा धीर झाला नाही. साडू परतले तेव्हा ताईंची पेटी भरून तयार होती. "मी इथं एकटी राहत नाही. मले महालात पोचवून द्या," त्या म्हणाल्या. महालात, म्हणजे नागपूरच्या त्या जुन्या वस्तीत, साडूंचं एकत्र कुटुंब होतं आणि तिथून बाहेर पडायला त्यांना वीस वर्षं लागली होती. हौसेनं बांधलेल्या घराला कुलूप लागणार हे पाहून त्यांनी उभ्या उभ्या शब्द दिला, "थांब जराशी. घरात पिस्तूल आणतो." पेटी पलंगाखाली गेली, पण भरलेलीच राहिली.

परवान्याचा अर्ज गेला. चौकशीला आलेल्या हवालदारानं विचारलं, "धोका कोणापासून आहे?" साडू बराच वेळ विचार करून म्हणाले, "ते अजून नक्की नाही. पण घंगाळ तीस लिटरचं होतं." हवालदारानं तेही लिहून घेतलं.

परवाना यायला अवकाश होता, म्हणून साडू कव्हराच्या मागे लागले. मोच्यानं माप मागितलं. तेव्हा साडूंनी पिस्तूल डोळ्यांनी पाहिलेली तीन माणसं गाठली: एक निवृत्त फौजदार, एका जमीनदाराचा ड्रायव्हर आणि हौशी नाटकांत खलनायक होणारा एक पोस्टमन. तिघांनी दोन हात फाकवून लांबी दाखवली. साडूंनी ती फूटपट्टीनं मोजली, बेरीज केली आणि तिनानं भागली. त्या सरासरीबरहुकूम सुतारानं सागवानी पिस्तूल केलं आणि त्यावर महालातल्या मोच्यानं चामड्याचं कव्हर शिवलं. काम अप्रतिम झालं. जगातल्या कुठल्याही पिस्तुलाचं ते माप नव्हतं, एवढं सोडलं तर नाव ठेवायला जागा नव्हती. दसऱ्याला त्या लाकडी पिस्तुलाची हळदकुंकू वाहून पूजासुद्धा झाली.

"नुसतं कव्हर लटकवून काय होते? कमरेले वजनाची सवय पाहिजे," म्हणून मग त्यांनी कव्हराला अर्ध्या किलोचं, रीतसर शिक्का मारलेलं वजन बांधलं आणि रोज संध्याकाळी अंगणात पन्नास फेऱ्या सुरू केल्या. सराव उजेडात व्हावा म्हणून रामटेकचे मुक्काम बंद झाले. कुठेही गेले तरी सहाच्या बसनं घरी हजर. ते फेऱ्या मारत आणि चालता चालता कुठल्या दुकानदाराचा तराजू कसा पकडला ते सांगत. ताई पायरीवर बसून ऐकत आणि फेऱ्या मोजत. दोन महिन्यांत साडू डावीकडे इतके कलले की शिंप्याला त्यांच्या पँटचा डावा पाय अर्धा इंच आखूड करावा लागला. मी हसलो तर म्हणाले, "काहून हसून राहिला गा? खरं पिस्तूल आलं की बरोबर होईन."

एकदाचा परवाना आला. आता ठरलेल्या मुदतीत पिस्तूल घ्यायचं होतं. साडू दर शनिवारी कव्हर आणि खिशातला छोटा वजनकाटा घेऊन दुकानात जात, पिस्तुलं तोलत, कव्हरात घालून पाहत. एक लांब निघे, एक जाड. एक तर आत असं बुडालं की कव्हर उलटं करून झटकावं लागलं.

"साहेब, लोक पिस्तूल पाहून कव्हर घेतात," दुकानदार म्हणाला.

"लोक चुकून राहिले," साडू म्हणाले.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी ताईंना आणि मलाही सोबत नेलं. शेवटी दुकानदारानं एक पिस्तूल निवडलं आणि कव्हराची शिवण थोडी उसवायला सुचवलं. साडूंचा चेहरा उतरला. त्यांनी एकदा ताईंकडे पाहिलं आणि कव्हर पुढे सरकवलं. "उसवा," ते म्हणाले. त्यांनी आयुष्यात इतकी मोठी तडजोड केलेली मी पाहिली नव्हती.

दुकानदारानं रिकामं पिस्तूल ताईंपुढे धरलं. "बाई, घरात तुम्हीच असणार. एकदा हातात घेऊन पाहा." ताईंनी ते दोन्ही हातांनी धरलं, लगेच काउंटरवर ठेवलं आणि हात पदराला पुसले.

"हे नाही पाहिजे घरात," त्या म्हणाल्या.

"अवं, मग तो घंगाळवाला आला तर?"

"येऊ द्या. तुम्ही सहाच्या बसनं घरी येऊन राहिले, मले तेवढं पुरते. पेटी तर मी दिवाळीतच रिकामी केली." मग कव्हर उचलून त्यांनी त्याच्यावरून बोट फिरवलं. "अन् शिवण नका उसवू. चांगली आहे."

परवाना तसाच संपला. फेऱ्या मात्र संपल्या नाहीत. निवृत्त झाल्यावरही साडू सहाला कव्हर कमरेला अडकवून अंगणात उतरत.

त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. रिकामे प्लॉट भरले, झुडपं गेली. डावीकडे कललेला कुणी म्हातारा रस्त्यात दिसला की मला अजून गलबलून येतं. महालातले पुतणे ताईंना न्यायला दोनदा आले. त्या गेल्या नाहीत. दाराजवळच्या खुंटीला ते कव्हर आहे, आत सागवानी पिस्तूल आहे. मागे एका दुपारी गेलो तेव्हा ताई तांदूळ निवडत होत्या. न राहवून मी विचारलं, "ताई, एकटीला भीती नाही वाटत?"

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

"सहा वाजेपर्यंत नाही वाटत," त्या म्हणाल्या.